परवाना एकाचा, जप्ती दुसऱ्याची : राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
राज्य उत्पादन शुल्क विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,



ज्या गाऱ्हाण्यासाठी वास्तविक आपल्या विभागाच्या जिल्हा कचेरीत रीतसर दरखास्त द्यावयाची, त्यासाठी हे जाहीर पत्र लिहीत आहे, याचे कारण असे की हे गाऱ्हाणे माझ्या एकट्याचे नाही. जालना, बदनापूर, अंबड, मंठा, परतूर या तालुक्यांतील जे मालमोटार-मालक आणि चालक वाळूजची बिअर आणि शेंद्र्याचे मद्य परराज्यांतील गुदामांपर्यंत पोहोचवून आपला चरितार्थ चालवतात, त्या साऱ्यांचे ते आहे. आणि त्यांतील बहुतेकांना आपल्या अंमलदारांसमोर तोंड उघडण्याची छाती होत नाही, कारण ज्याच्या सहीवाचून उद्या गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडणार नाही त्याच्याविषयी आज तक्रार करणे कोणालाच परवडत नाही. माझ्या गाड्यांचा कारभार आता मुलांच्या हाती गेला आहे आणि मला गमावण्यासारखे फारसे उरलेले नाही. म्हणून चौघांच्या वतीने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

जालन्याचा व्यापार वाहतुकीच्या आधारावर उभा आहे. ‘जालना सोने का पालना’ असे आमच्याकडे जे पूर्वापार म्हटले जाते, त्या पाळण्याची दोरी गाडीवानांच्या आणि पुढे मोटारवाल्यांच्या हाती राहिली. सळईचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मोंढ्यातील कापूस आणि सरकी, हंगामातली मोसंबी, हे सारे गावाबाहेर जाते ते आमच्या गाड्यांतून. सळई पोहोचवून आलेली गाडी दाराशी उभी राहू नये म्हणून मिळेल तो माल भरावा लागतो, आणि ज्या गाडीवर बँकेचा हप्ता आहे तिच्या मालकाला वाळूजचे भाडे नाकारता येत नाही. कारण बिअरचा माल बारमाही असून उन्हाळ्यात तर त्याला गाड्या पुरत नाहीत.

समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब आमच्याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे, आणि गळ्यात तुळशीची माळ असलेले कित्येक मालक आजही दारूचे भाडे घेत नाहीत. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. मद्यपानाने उद्ध्वस्त झालेली घरे मी माझ्याच चालकांच्या वस्तीत पाहिली आहेत, त्यामुळे या पदार्थाची तरफदारी माझ्या लेखणीतून होणार नाही. परंतु ज्या राज्याने मद्याच्या निर्मितीस अनुज्ञप्ती दिली, त्यावर शुल्क बसवले आणि त्या शुल्कास महसुलाचे एक मोठे साधन मानले, त्याच राज्यात ते मद्य परवान्यानिशी वाहून नेणाऱ्या माणसाकडे आधी संशयित म्हणून आणि मग नागरिक म्हणून पाहिले जावे, हे मला अन्याय्य वाटते, आणि या अन्यायाची मुळे कोणाच्या दुष्टपणात नसून आपल्या परवाना-पद्धतीच्या रचनेत आहेत, हे दाखवण्यासाठीच हा पत्रप्रपंच आहे.

नियंत्रणालाच आमची हरकत आहे असा ग्रह कृपया करून घेऊ नये. नाका, झडती आणि दाखला या गोष्टी मराठवाड्याला नव्या नाहीत. निजामाच्या अमलात करोडगिरीचे नाके होते, मद्यासाठी हैदराबाद संस्थानाचा १३१६ फसलीचा आबकारी कायदा होता, आणि संस्थान विलीन होऊन आम्ही मुंबई राज्यात आल्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, तो आमच्याही भागास लागू झाला. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ८व्या नोंदीने मादक मद्याची निर्मिती, बाळगणूक, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे विषय राज्याच्या अखत्यारीत दिले आहेत. ४७व्या अनुच्छेदाने मद्यनिषेधासाठी झटण्याचा निर्देश राज्याला दिला आहे. आणि मद्याचा व्यापार करणे हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. जून २०१५मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. एखाद्या टँकरमधील स्पिरिट वाटेत कोठे उतरते, कोणाच्या हाती पडते, यावर राज्याने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलेच पाहिजे, आणि त्यासाठी आमची गाडी थांबवून झडती घेतली गेली तर आम्ही ती तसदी आनंदाने सोसू.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. परराज्यातील घाऊक विक्रेता किंवा तेथील शासकीय महामंडळ आपल्या राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याकडून आयात परवाना मिळवते. तो इकडे आला म्हणजे कारखानदार आपल्या विभागाकडून निर्यातीची परवानगी घेतो आणि शुल्काच्या हमीचे बंधपत्र लिहून देतो. त्यानंतर वाहतूक पास निघतो, ज्याला कारखान्यापासून धाब्यापर्यंत सारे जण टीपी म्हणतात. या कागदावर मद्याचा प्रकार, पेट्यांची संख्या, बॅच क्रमांक, गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, जाण्याचा मार्ग आणि पासची मुदत इतक्या गोष्टी असतात. गाडी भरली, ताडपत्री बसली, मोहोर लागली, की पास आणि बिल्टी चालकाच्या हाती पडते आणि तो निघतो. तिकडच्या गुदामावर तेथील अधिकारी मोजदाद करून पडताळणीचा दाखला पाठवतो, तेव्हा कारखानदार आपल्या बंधपत्रातून मोकळा होतो.

या साऱ्या व्यवहारात परवाना मागणारा वेगळा, देणारा वेगळा, शुल्क भरणारा वेगळा आणि नफा घेणाराही वेगळा. वाहतूकदार यांपैकी कोणीही नाही. त्याने अर्ज केलेला नसतो, त्याला मसुदा दाखवला जात नाही, मार्ग त्याला विचारून लिहिला जात नाही आणि मुदत त्याच्या गाडीची अवस्था पाहून ठरत नाही. मात्र त्या कागदात एक अंक चुकला, एक गाव राहिले, एक दिवस उलटला, तर रस्त्यावर सापडतो तो वाहतूकदारच. अटक होते चालकाला, जप्त होते मालकाची गाडी, आणि ज्याच्या दप्तरात चूक झाली तो कारखानदार आपल्या वकिलामार्फत यथावकाश खुलासा पाठवतो. दोष ज्याच्या हातून घडतो त्याच्या हाती परवाना आहे, आणि शिक्षा ज्याला होते त्याला त्या परवान्यात एक अक्षर दुरुस्त करण्याचीही मुभा नाही. आमचे सारे गाऱ्हाणे या एका वाक्यात आले; पुढे जे लिहितो तो त्याचा विस्तार आहे.

आमच्याच ओळखीतील एका मालकाच्या गाडीची हकीकत सांगतो. माणसांची, कचेरीची आणि कारखान्याची नावे मुद्दाम घेत नाही, कारण मला कोणावर फिर्याद करावयाची नाही. पावसाळ्याचे दिवस होते. गाडी बिअर भरून छत्तीसगडकडे निघाली. पासवर मार्ग होता जालना, देऊळगाव राजा, चिखली, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर असा. चालक मंठा तालुक्यातला, पन्नाशी ओलांडलेला, निर्व्यसनी माणूस. अकोल्याच्या पुढे गाडीचे क्राउन-पिनियन तुटले. भरलेली गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन, चाकांखाली दगड लावून, त्याने मालकाला फोन केला, मालकाने कारखान्याला केला. कारखान्यात शनिवार दुपारचा शुकशुकाट. जो कारकून पासचे काम पाहतो तो गावी गेलेला. सुटा भाग अकोल्याहून येऊन मिस्त्रीने तो बसवीपर्यंत सोमवार उजाडला, आणि पासची मुदत रविवारी रात्री संपलेली होती. मुदतवाढीचा अर्ज कारखान्याने करावयाचा, तो ज्या अधिकाऱ्याने पास दिला त्याच्यापुढे ठेवावयाचा आणि त्याने हुकूम द्यावयाचा. सोमवारी तो अधिकारी न्यायालयात साक्षीला गेला होता.

चालकाने गाडी तेथेच उभी ठेवावयास हवी होती, असे म्हणता येईल, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. परंतु भर पावसात, ओसाड रस्त्यावर, मद्याने भरलेली गाडी सांभाळत दोन रात्री एकट्याने काढलेल्या माणसाला तिसरी रात्र तेथे काढण्याची भीती वाटली, आणि नागपूरला पोहोचेपर्यंत कागद येईल या मालकाच्या आश्वासनावर तो निघाला. अमरावतीहून नागपूरला जाणारा मुख्य रस्ता तळेगाव, कारंजा या बाजूने वर्धा जिल्ह्यातून जातो, आणि वर्धा जिल्ह्यात १९७४पासून दारूबंदी आहे. तेथे पथकाने गाडी थांबवली. मोहोर शाबूत होती. पंचांसमक्ष पेट्या उतरवून मोजल्या, त्या पासवरच्या संख्येशी तंतोतंत जुळल्या. बॅच क्रमांक जुळले. गाडीचा क्रमांक आणि चालकाचे नाव जुळले. पंचनाम्यात हे सारे लिहिले गेले, आणि त्याच पंचनाम्याच्या शेवटी, पास मुदतबाह्य असल्याने मुद्देमाल वाहनासह जप्त, असेही लिहिले गेले.

चालकाला जामीन मिळाला. गाडी मात्र आवारात उभी राहिली. सुपूर्तनाम्यावर ती सोडवून घेण्यासाठी मालकाला वकील लावावा लागला, तारखांना जावे लागले, आणि गाडी हाती आली तेव्हा तिची बॅटरी आणि स्टेपनी जागेवर नव्हती. दरम्यान बँकेचा हप्ता थांबला नाही. कारखान्याने भाडे दिले नाही, कारण माल पोहोचला नव्हता. आणि माल का पोहोचला नाही याची जबाबदारी कारखान्यातील कोणीही घेतली नाही. तो चालक आता दारूचा माल नेत नाही. त्याच्या नावावर चाललेल्या खटल्याची तारीख आली म्हणजे तो आदल्या रात्री मंठ्याहून एसटीने निघतो.

आता याच मालकाची दुसरी गाडी सळई घेऊन त्याच रस्त्यावर, त्याच ठिकाणी बंद पडली असती तर काय झाले असते, ते पाहावे. सळईला ई-वे बिल लागते. त्याची मुदत अंतरावर ठरते, साधारण मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस. गाडी नादुरुस्त झाली, तर ते बिल संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतरच्या आठ तासांपर्यंत स्वतः वाहतूकदार कारण नमूद करून मुदत वाढवून घेऊ शकतो. माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला, तर नव्या गाडीचा क्रमांकही नोंदवू शकतो. यासाठी त्याला कोणाच्या कचेरीत जावे लागत नाही, कोणाच्या रजेवरून परतण्याची वाट पाहावी लागत नाही. मद्य हे वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवलेले असल्याने त्याला ई-वे बिल लागू नाही, हे मला ठाऊक आहे. पण जी सोय केंद्र आणि सर्व राज्ये मिळून लोखंडासाठी, सिमेंटसाठी आणि कापडासाठी करू शकली, ती मद्यासाठी आपल्या एका विभागाला का करता येऊ नये? मद्याच्या बाबतीत अधिक दक्षता हवी, हे मान्य. तर मग मुदतवाढ मागताना गाडीचे ठिकाण, मोहोरेचे छायाचित्र आणि मिस्त्रीची पावती द्यावी लागेल अशी अट घाला, जवळच्या निरीक्षकाला येऊन पाहण्याचा अधिकार द्या. परंतु मुदतवाढ मागण्याचा हक्क ज्याची गाडी रस्त्यावर उभी आहे त्याला द्या, आणि त्या मागणीवर काही तासांत होकार वा नकार मिळेल असे बंधन आपल्या अधिकाऱ्यांवर घाला. आपल्या विभागाचे पुष्कळसे काम आता संगणकावर चालते, म्हणून ही मागणी अशक्य कोटीतील नाही.

मार्गाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. पासवर जो मार्ग लिहिला जातो तो पुष्कळदा जुन्या पासवरून उतरवलेला असतो. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जालन्याहून नागपूरला जाण्याची वाट पालटली. तरी पास जुन्या मार्गाचा असेल तर चालकाला चिखलीच्या आणि खामगावच्या गर्दीतून, घाटावळणांतूनच जावे लागते, कारण समृद्धीवर चढला आणि तपासणी झाली तर तो मार्गभ्रष्ट ठरतो. पूल वाहून गेला, रास्ता रोको झाला, पोलिसांनीच वाहतूक वळवली, तरी कागदावरचा मार्ग बदलत नाही. नांदेड-देगलूरमार्गे तेलंगणात, उमरग्याकडून कर्नाटकात, शिरपूर-हाडाखेडवरून मध्य प्रदेशात, कोठेही गेलात तरी पावसाळ्यात हीच कथा आहे. यावर माझी सूचना अशी, की पासवर निघण्याचे ठिकाण, राज्याची सीमा ओलांडण्याचा नाका आणि पोहोचण्याचे ठिकाण एवढेच बंधनकारक असावे, आणि मधला रस्ता कोणताही राष्ट्रीय किंवा राज्य महामार्ग चालेल असे नमूद करावे. गाडीत उपग्रहाधारित स्थानदर्शक यंत्र बसवण्याची सक्ती केलीत, तरी आम्ही ती स्वीकारू. गाडी कोठे होती, किती वेळ थांबली, हे त्या यंत्रावरून जितके खरे कळेल, तितके पासवरच्या गावांच्या यादीवरून कधीही कळणार नाही.

वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील दारूबंदीचा आम्ही मनापासून आदर करतो. गडचिरोलीच्या लोकांनी ती लढून मिळवली आहे आणि वर्धा ही तर सेवाग्रामची भूमी आहे. तेथे आपल्या अधिकाऱ्यांनी अधिक कडक राहावे हे योग्यच. पण विदर्भाला ओलांडून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीला वर्धा जिल्हा टाळणे अवघड आहे, ही भूगोलाची गोष्ट आहे, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या सीमेवर गाडीची वेळ नोंदवून दुसऱ्या सीमेवर ती तपासण्याची व्यवस्था केली, तर दारूबंदीही राखली जाईल आणि सरळ मार्गाने जाणाऱ्याची अप्रतिष्ठाही होणार नाही.

कायद्याच्या कलमांविषयी मी वकील नसून लिहितो, तरी जे अनुभवाने शिकलो ते सांगतो. अधिनियमाचे ६५वे कलम विनापरवाना आयात, निर्यात आणि वाहतूक या अपराधांना शिक्षा सांगते. ९८वे कलम वाहनासह मुद्देमाल सरकारजमा करण्याचा अधिकार देते. १०३वे कलम असे, की ज्याला आपल्या ताब्यातील मादक पदार्थाचा समाधानकारक खुलासा करता येत नाही त्याने अपराध केला असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावे. ही कलमे चोरट्या मद्याचा धंदा करणाऱ्यांसाठी आहेत आणि त्यांच्यासाठी ती हवीतच. परंतु मुदत उलटलेला खरा पास बाळगणारा चालक आणि गोण्यांखाली चोरकप्पा करून बाटल्या नेणारा इसम या दोघांना एकाच कलमाखाली, एकाच कोठडीत बसवणे, हा कलमांचा आग्रह नव्हे, ती तुमच्या आमच्या काळात पडलेली वहिवाट आहे. निर्दोष मालकाला जप्त वस्तू परत देण्याची तजवीज त्याच कायद्याच्या ९९व्या कलमात आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट सांगितले, की जप्त वाहने पोलीस ठाण्यांच्या आवारात दीर्घकाळ ठेवण्यात कोणाचेही हित नाही, योग्य हमी घेऊन ती लवकर सोडावीत. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७व्या कलमाने तर मुद्देमालाचे विवरण १४ दिवसांत तयार करावे, छायाचित्रे घ्यावीत आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याची विल्हेवाट लावावी की तो परत द्यावा हे ठरवावे, अशी मुदतच घालून दिली आहे. हे सारे असूनही जिल्ह्याजिल्ह्याच्या आवारांत गवतात रुतलेल्या मालमोटारी आपल्या दृष्टीस पडत असतील. आपल्या विभागाचे म्हणणे न्यायालयापुढे लवकर गेले, हरकत नसल्याचा अहवाल तत्परतेने दिला गेला, तर यांतील कित्येक गाड्या महिनाभरात रस्त्यावर येतील. एवढे तरी सर्वस्वी आपल्या हातचे आहे.

काही बाबी लहान आहेत, पण त्या रोज छळतात. पासची प्रत गाडी भरण्यापूर्वी वाहतूकदाराला दाखवली जावी, म्हणजे गाडीच्या क्रमांकातील किंवा चालकाच्या नावातील चूक फाटकातच दुरुस्त होईल. पास मराठीतही असावा; ज्या कागदावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून आहे तो त्याला वाचता येऊ नये, हे राजभाषेच्या राज्याला शोभत नाही. बाटल्यांची तोडफोड मान्य प्रमाणात झाली असली तरी तिचे पैसे भाड्यातून कापले जातात, आणि तिकडच्या अधिकाऱ्याचा पडताळणी दाखला महिनोन्‌महिने न आल्यास कारखानदार भाड्याची बाकी अडवून धरतात; तेव्हा तो दाखला किती दिवसांत यावा याची मुदत ठरून, तो वाहतूकदारालाही पाहता यावा. आणि रस्त्यावर ‘एन्ट्री’ या नावाने जे मागितले जाते, त्याविषयी मी जास्त लिहीत नाही. कागदातील क्षुल्लक उणीव ही अटकेस पुरेशी असते, म्हणूनच ती एन्ट्री देणे चालकाला स्वस्त पडते. उणिवेची शिक्षा उणिवेच्या प्रमाणात झाली, की मागणाऱ्याचे बळ आपोआप कमी होईल.

आमच्यातही अपराधी आहेत. गोव्याच्या आणि दमणच्या स्वस्त मद्यासाठी गाड्यांना चोरकप्पे करून देणारे मालक आहेत, एकाच पासवर दोन खेपा मारणारे आहेत, आणि इन्सुलीच्या नाक्यावर आपले अधिकारी रात्री-अपरात्री जीव धोक्यात घालून त्यांना पकडतात, याची आम्हाला जाणीव आहे. अशा मालकाचा परवाना कायमचा काढून घ्या. आमची संघटित साक्ष हवी असेल तर तीही देऊ. त्यांच्यामुळे सरळ माणसाचे भाडे बुडते, आणि संशयाचा भार मात्र त्या सरळ माणसालाच उचलावा लागतो. म्हणूनच फरक करण्याची एक साधी कसोटी आपल्या अधिकाऱ्यांना लिहून द्यावी अशी विनंती आहे : पास खरा असेल, मोहोर शाबूत असेल, संख्या आणि बॅच क्रमांक जुळत असतील, तर मुदतीच्या, मार्गाच्या किंवा लेखनाच्या उणिवेसाठी चालकाला अटक होऊ नये आणि गाडी जप्त होऊ नये, पंचनामा करून, माल पाठवणाऱ्या कारखान्याला नोटीस द्यावी आणि दंड त्याच्याकडून वसूल व्हावा. या चारांतील एक जरी गोष्ट जुळत नसेल, तर कायदा आपल्या पूर्ण कठोरपणाने चालू द्यावा.

आंतरराज्य बाजू याहून अवघड आहे, आणि तेथे आपले एकट्याचे चालत नाही हे मी जाणतो. मालमोटारीला राष्ट्रीय परवाना मिळतो आणि ती देशभर धावते. तिच्यातील मद्याला मात्र प्रत्येक राज्याचा स्वतंत्र हुकूम लागतो, आणि गुजरातसारख्या दारूबंदीच्या राज्यातून केवळ पलीकडे जावयाचे असेल तर चालकाच्या मनावर केवढे दडपण असते, हे त्याच्याशेजारी बसून गेल्याशिवाय कळणार नाही. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने असा निर्णय दिला, की औद्योगिक मद्यार्कही ‘मादक मद्य’ या राज्यांच्या विषयात मोडतो, आणि १९८९चा उलट निर्णय रद्द ठरवला. म्हणजे यापुढे रंगाच्या, औषधाच्या, रसायनाच्या कारखान्यांना जाणारे स्पिरिटचे टँकरही अधिकाधिक राज्यांच्या परवाना-पद्धतीत येणार. अधिकाराची व्याप्ती वाढत असतानाच तो चालवण्याची रीत सुधारली पाहिजे, नाहीतर आज बिअरच्या गाडीवाल्यांचे जे हाल आहेत ते उद्या टँकरवाल्यांचे होतील. शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक आणि गोवा या राज्यांच्या आपल्या समपदस्थ अधिकाऱ्यांशी बोलून, एका राज्याचा पास दुसऱ्या राज्याच्या नाक्यावर तत्काळ पडताळून पाहता येईल एवढी तरी सोय व्हावी. महाराष्ट्र या बाबतीत पुढाकार घेण्याच्या स्थितीत आहे, कारण मद्यार्काची आणि बिअरची एवढी मोठी निर्मिती असलेली राज्ये थोडी आहेत.

महोदय, वर मागितलेल्या गोष्टींपैकी आंतरराज्य व्यवस्थेस वेळ लागेल आणि नियमांतील दुरुस्तीस शासनाची मान्यता लागेल, हे धरून चालतो. परंतु मुदतवाढीचा अर्ज वाहतूकदाराकडून स्वीकारणे, मार्गाचे बंधन सैल करणे, वर सांगितलेली कसोटी अधिकाऱ्यांना कळवणे आणि जप्त गाड्यांबाबत न्यायालयाला वेळेत अहवाल देणे, या चार गोष्टींसाठी माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या सहीचे परिपत्रक पुरेसे आहे. ते काढण्यापूर्वी आपण किंवा आपल्या वतीने एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जालन्यास येऊन चालकांचे आणि मालकांचे म्हणणे ऐकून घ्यावे. कारखानदारांनाही बोलवावे, म्हणजे समोरासमोर रुजवात होईल. मार्चपासून बिअरचा हंगाम सुरू होतो आणि गाड्यांची धावपळ वाढते. त्याआधी हे परिपत्रक निघावे, अशी आम्हा सर्वांची आग्रहाची विनंती आहे.



आपला नम्र,
जालन्यातील एक जुना मालमोटार-मालक